आधी आवृत्ती विचारा : कॉन्फिगरच्या तपासणीचा इतिहास

आजचा विषय संगणकाचा आहे, पण सुरुवात आपण जनगणनेपासून करू या. १९९१ च्या जनगणनेत 'धुळे जिल्हा' आहे आणि २००१ च्या जनगणनेतही 'धुळे जिल्हा' आहे. नाव तेच, मुख्यालयही तेच. कुणी घाईघाईनं दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडले, तर त्याला वाटेल की दहा वर्षांत या जिल्ह्यातून लाखो माणसं निघून गेली. कुठे गेली ही माणसं? कुठेच नाही! १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, एवढंच. पाटी तीच राहिली, पाटीमागचा प्रदेश बदलला.

त्याच्या उलट उदाहरणही आपल्याच घरात आहे. १९०६ मध्ये इंग्रज सरकारनं जुन्या खानदेश जिल्ह्याचे दोन भाग केले, तेव्हा नावंही दोन केली. जळगावकडचा तो पूर्व खानदेश, धुळ्याकडचा तो पश्चिम खानदेश. १९१० च्या कागदावर 'पूर्व खानदेश' दिसलं की अभ्यासकाची फसगत होत नाही. मजकूर बदलला म्हणून नावही बदललं, हा व्यवहार प्रामाणिक झाला. १९९८ मध्ये मात्र मजकूर बदलला आणि नाव राहिलं. म्हणून इतिहासाचा अभ्यासक आकडा हातात घेण्याआधी विचारतो, हा कधीचा धुळे जिल्हा? हा प्रश्न ज्यानं विचारला नाही, त्याचं पुढचं गणित कितीही बिनचूक असलं तरी उत्तर चुकणार.

सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडला. त्यांनी तो यंत्राला विचारायला शिकवला, आणि तो कसा विचारायचा यावर चाळीसेक वर्षं घालवली. त्या चाळीस वर्षांची गोष्ट आज सांगायची आहे.

आधी दोन शब्द स्पष्ट करू. लायब्ररी म्हणजे इथे ग्रंथालय नव्हे. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं, कुणीही वापरावं असं तयार काम म्हणजे लायब्ररी. फाइल दाबून लहान करायची असेल, चित्र दाखवायचं असेल, अक्षरं जुळवायची असतील, तर प्रत्येक प्रोग्रामकर्ता ते पहिल्यापासून लिहीत बसत नाही, लायब्ररीकडून करून घेतो. म्हणजे त्याचा प्रोग्राम त्या लायब्ररीवर अवलंबून झाला. याला डिपेण्डन्सी म्हणतात. आणि माणसानं लिहिलेल्या सोर्स कोडपासून यंत्राला चालवता येईल असा प्रोग्राम तयार करणं म्हणजे बिल्ड. बिल्ड सुरू करण्याआधी या यंत्रावर लागणारं सगळं आहे का, आणि लागतं त्या आवृत्तीचं आहे का, हे पाहण्याच्या पायरीला कॉन्फिगर म्हणतात. ज्यांनी लिनक्सवर स्वतः काही बांधलंय त्यांना तो देखावा ओळखीचा असेल. पडद्यावर ओळींमागून ओळी धावतात, 'चेकिंग फॉर' अमुक, 'चेकिंग फॉर' तमुक, आणि प्रत्येकीच्या शेवटी 'येस' किंवा 'नो'.

या ओळी आल्या कुठून?

बेल लॅब्जमध्ये १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचं साधन लिहिलं. त्याची जन्मकथा त्यांनीच सांगून ठेवली आहे. स्टीव्ह जॉन्सन हे त्यांचे सहकारी एक दिवस वैतागून त्यांच्या खोलीत आले. प्रोग्राममधली चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. म्हणजे कोड बरोबर आणि चालत होता जुनाच तुकडा. सकाळभर ते बरोबर असलेल्या कोडमध्ये चूक शोधत होते. मेकनं यावर साधा उपाय काढला. कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे ते लिहून ठेवायचं आणि दोघांच्या वेळा ताडायच्या. मूळ फाइल नंतरची असेल तर तुकडा पुन्हा बांधायचा. आवृत्ती विचारण्याचं हे अगदी पहिलं, ओबडधोबड रूप म्हणता येईल.

पण मेक फक्त आपल्या घरातलं पाहत होतं. शेजारच्या यंत्रावर काय आहे, ते त्याला ठाऊक नव्हतं. १९८० च्या दशकात युनिक्सच्या भाऊबंदकीला ऊत आला. एटी अँड टीची सिस्टिम फाइव्ह वेगळी, बर्कलीची बीएसडी वेगळी, आणि यंत्र विकणाऱ्या प्रत्येक कंपनीची आणखी वेगळी. मजकुरात एखादं अक्षर कुठे आहे ते शोधायचं, एवढ्या साध्या कामाला बीएसडीत 'इंडेक्स' म्हणत आणि सिस्टिम फाइव्हमध्ये 'स्टर-सीएचआर'. काम तेच, हाक वेगळी. एका गावात लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या गावात मुका होई.

१९८४ मध्ये लॅरी वॉल यांनी, पुढे पर्ल भाषा ज्यांनी केली त्यांनी, आपल्या 'आरएन' या प्रोग्रामबरोबर 'कॉन्फिगर' नावाची स्क्रिप्ट दिली. ती यंत्र चाचपायची आणि मध्ये-मध्ये माणसालाही प्रश्न विचारायची. १९९१ च्या उन्हाळ्यात डेव्हिड मॅकेन्झी हे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी ग्नूची बरीच साधनं सांभाळत होते. वापरणाऱ्याला मेकफाइलमध्ये वीसेक पर्याय हातानं निवडावे लागत, आणि हे ओझं वाढतच चाललं होतं. तेव्हा माणसाला काहीही न विचारता स्वतःच यंत्राची तपासणी करणारी स्क्रिप्ट त्यांनी लिहिली. मग अशा स्क्रिप्टा लिहून देणारं साधनही केलं. तेच ऑटोकॉन्फ.

आता ऑटोकॉन्फच्या मुळाशी असलेला विचार नीट समजून घेऊ, कारण सगळा वाद तिथूनच सुरू होतो. त्यासाठी जळगावच्या सराफ बाजारात जाऊ. सोनं खरं आहे की नाही हे ठरवायच्या दोन रीती आहेत. एक, कसोटीच्या दगडावर दागिना घासायचा आणि उमटलेली रेघ पाहायची. दुसरी, दागिन्यावरचा शिक्का वाचायचा. ९१६ लिहिलंय म्हणजे बावीस कॅरेट. पिढ्यान्‌पिढ्या पहिली रीत चालली, जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं बंधनकारक झाला. कस लावायला वेळ लागतो, हात लागतो, नजर लागते. शिक्का झटकन वाचता येतो, पण तो मारणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो.

ऑटोकॉन्फची रीत कसोटीच्या दगडाची आहे. 'तू कोणत्या कंपनीचा युनिक्स, कितवी आवृत्ती?' असं ते यंत्राला विचारत नाही. ते चार ओळींचा एक लहानसा प्रोग्राम लिहितं, त्यात हवं ते फंक्शन वापरतं आणि कंपाइल करून बघतं. झालं तर 'येस', नाही तर 'नो'. पडद्यावर धावणाऱ्या त्या प्रत्येक ओळीमागे असा एक इवलासा प्रयोग असतो. आणि तो प्रयोग तिथे असतो कारण कधीतरी, कुठल्यातरी यंत्रावर कुणाचं तरी काम नेमकं त्या जागी अडलं होतं. म्हणून जुन्या प्रकल्पाची कॉन्फिगर स्क्रिप्ट आम्ही बखरीसारखी वाचायला सांगतो. कोणत्या काळी कोणत्या यंत्रांनी छळलं, त्याची नोंद तिच्यात सापडते.

मग शिक्क्याची गरज का पडली? कारण लायब्ऱ्या वाढल्या, आणि त्या इतक्या मोठ्या झाल्या की प्रत्येक गुणाचा कस लावणं परवडेना. शिवाय काही बदल कसाला लागतच नाहीत. फंक्शनचं नाव तेच, हाक तीच, कंपाइलही होतं, पण आतलं वागणं बदललेलं असतं. १९९८ चा धुळे जिल्हाच म्हणा ना! अशा वेळी आवृत्ती विचारण्यावाचून गत्यंतर नसतं.

१९९७-९८ च्या सुमारास लिनक्सच्या जगात मूळ सी लायब्ररी बदलली. 'लिबसी ५' जाऊन 'लिबसी ६', म्हणजे ग्नूची जीलिबसी आली. हा बदल १९०६ च्या रीतीनं झाला. आतला करार मोडला म्हणून नावातला आकडा बदलला. त्यामुळे जुना प्रोग्राम जुनी लायब्ररी मागत राहिला आणि नवा नवी, आणि दोघी एकाच यंत्रावर नांदू शकल्या. त्रास झाला, पण फसगत झाली नाही.

पुढे ग्नोम हा मोठा प्रकल्प उभा राहिला. त्यात लायब्ऱ्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येकीची आपापली चौकशी खिडकी होती. तेव्हा जेम्स हेन्स्ट्रिज यांनी 'पीकेजी-कॉन्फिग' लिहिलं, आणि पुढे हॅवॉक पेनिंग्टन यांनी ते नव्यानं लिहून काढलं. त्याची पद्धत अशी. प्रत्येक लायब्ररीनं स्थापित होताना एक छोटी मजकूर-फाइल ठेवून जायची. तिच्यात नाव, आवृत्ती, मला आणखी कोण लागतं आणि मला जोडायचं कसं, एवढंच. कॉन्फिगरनं विचारायचं, 'अमुक लायब्ररी किमान या आवृत्तीची आहे का?' पीकेजी-कॉन्फिग ती फाइल वाचून हो किंवा नाही सांगतं. हा झाला हॉलमार्क.

आता शिक्का वाचणं सोपं वाटतं, पण त्यातही खड्डे आहेत. सांगा बरं, १.९ मोठी की १.१०? शाळेतलं दशांश गणित म्हणेल १.९ मोठी, कारण १.१० म्हणजे १.१. पण आवृत्तीतला टिंब हा दशांश चिन्ह नाही. तो सातबाऱ्यावरच्या गट नंबरातल्या तिरक्या रेघेसारखा आहे. ४५/९ नंतर ४५/१० येतो, तशी १.९ नंतर १.१० येते. तुकडे वेगळे करायचे आणि एकेक तुकडा पूर्ण संख्या म्हणून ताडायचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथनची ३.१० आवृत्ती आली, तेव्हा किती तरी ठिकाणी यंत्रांनी ती ३.१ अशी वाचली आणि 'तुमचं पायथन फार जुनं आहे' म्हणून नव्याकोऱ्या पायथनला दारातून परत पाठवलं. चाळीस वर्षांच्या अनुभवानंतरसुद्धा!

हे सगळं अमेरिकेत घडलं, आपला त्याच्याशी काय संबंध, असं कुणाच्या मनात येईल. संबंध आपल्या अक्षरांचा आहे.

'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द घ्या. पहिला समुद्र, दुसऱ्या सातपुड्याच्या दऱ्या. 'आचार्यांचा' आणि 'आचाऱ्यांचा' घ्या. एक गुरुजींचा, दुसरा स्वयंपाक्यांचा. फरक फक्त रफार आणि त्या आडव्या, पापणीसारख्या अर्ध्या र चा. हिंदीला ही पापणी लागत नाही, मराठीचं मात्र तिच्यावाचून अडतं. आता हे अक्षर पडद्यावर उमटायला किती जण एकमेकांवर अवलंबून आहेत पाहा. लिनक्सवरच्या एखाद्या ग्नोम प्रोग्रामला खिडक्या काढायला जीटीके लागते. जीटीकेला मजकूर मांडायला पँगो लागते. पँगोला जोडाक्षरं जुळवायला हार्फबझ लागते. अक्षराचा आकार प्रत्यक्ष रंगवायला फ्रीटाइप लागते. आणि सगळ्यांच्या तळाशी फॉण्ट, ज्यात ती पापणी कुणीतरी काढून ठेवलेली असावी लागते. या साखळीतली एक कडी जरी मराठीचा नियम न जाणणाऱ्या जुन्या आवृत्तीची असली, तरी दऱ्यांचा दर्या होतो.

फॉण्टमध्येही आवृत्त्या आहेत. देवनागरीसाठी ओपनटाइपच्या नियमांच्या दोन पिढ्या आहेत. जुनीची खूण 'डीईव्हीए', आणि विंडोज व्हिस्टाच्या काळात आलेल्या नवीची 'डीईव्ही२'. जोडाक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीला आधी ही खूण वाचावी लागते, मगच कोणत्या पद्धतीनं जुळवायचं ते ठरतं. इतकंच काय, खुद्द युनिकोडमध्ये आपली पापणी दोन प्रकारे लिहिता येते. एक म्हणजे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. युनिकोडचं प्रमाणपुस्तकच सांगतं की दुसरा प्रकार २.० या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून चालू ठेवला आहे. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. पण नुसती अक्षरं ताडणाऱ्या शोधयंत्रात एका प्रकारानं लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारानं शोधला तर सापडत नाही. म्हणजे आवृत्तीचा प्रश्न 'दऱ्या' या एका शब्दाच्या पोटात शिरलेला आहे.

२०१२ च्या सुमारास पँगोनं जोडाक्षरांचं आपलं जुनं यंत्र काढून ते काम हार्फबझकडे सोपवलं. २०१९ च्या १.४४ आवृत्तीत आणखी एक पाऊल टाकलं, आणि टाइप-वन प्रकारच्या जुन्या फॉण्टांना रजा मिळाली. ज्यांना नवी जोडाक्षरं हवी होती त्यांचं बरं झालं, ज्यांचे जुने फॉण्ट होते त्यांची पंचाईत झाली. दोघांनाही खुलासा करणारी जागा एकच होती, आवृत्तीचा आकडा. तो पाहिला असता तर 'काल दिसत होतं, आज का दिसत नाही' या प्रश्नाचं उत्तर मिनिटभरात मिळालं असतं.

आता तपासणीची दुसरी बाजू. तपासणारं साधनसुद्धा सॉफ्टवेअरच, म्हणजे त्यालाही आवृत्ती आली. ऑटोकॉन्फची २.१३ आवृत्ती जानेवारी १९९९ ची, तिच्यानंतरची मोठी आवृत्ती २.५० ही २००१ ची. दोघींचं इतकं वाकडं होतं की जुन्यासाठी लिहिलेलं नव्यावर धड चालेना, आणि लिनक्सच्या कित्येक वितरणांना दोन्ही शेजारी-शेजारी ठेवाव्या लागल्या. मोझिलाचा प्रकल्प तर पुढे दोन दशकांच्या आसपास २.१३ च मागत राहिला. पहारेकऱ्याचं ओळखपत्र कोण तपासणार, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा दिसला. पण त्याचं खरं गांभीर्य कळलं २०२४ मध्ये.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं जाहीर केलं की 'एक्सझेड' या फाइल दाबण्याच्या साधनात, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, चोरदरवाजा बसवलेला आहे. दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्याशा संशयावरून त्यांनी तो शोधला. आता आपल्या विषयाचा भाग बघा. ती लायब्ररी नवीनात नवीन होती. 'किमान अमुक आवृत्ती' ही तपासणी तिनं डौलात पार केली असती. उलट जुन्या आवृत्तीवर राहिलेले लोक वाचले. दुसरं, चोरदरवाजा घुसला तोच मुळी कॉन्फिगरच्या वाटेनं. सर्वांना दिसणाऱ्या कोडच्या भांडारात ती ओळ नव्हती. वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात, तपासणीच्या स्क्रिप्टांमध्ये, ती घातलेली होती. आणि तिसरं सगळ्यात सूक्ष्म. 'लँडलॉक' नावाचं एक संरक्षण यंत्रावर आहे का, हे पाहणाऱ्या छोट्या प्रयोगात एक फालतू टिंब टाकलं होतं. टिंबामुळे प्रयोग कधीच कंपाइल होईना, उत्तर नेहमी 'नो' येई आणि संरक्षण गुपचूप बंद राही. दागिना सोडून कसोटीच्या दगडालाच कुणीतरी तेल लावून ठेवलं होतं.

भांडारातली प्रत एक आणि हातात आलेली प्रत दुसरी, ही गोष्ट इतिहासकाराला नवी नाही. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाची वास्तू आहे. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे बावीस खंड काढले, ते गावोगाव फिरून अस्सल कागद मिळवून. त्यांचा आग्रह काय होता? बखर काय म्हणते ते नंतर, आधी अस्सल पत्र पाहा. नक्कल असेल तर ती कोणत्या मुळावरून केली ते पाहा. एक्सझेडच्या प्रकरणानंतर सॉफ्टवेअरवालेही हेच म्हणू लागले आहेत. गाठोडं आणि भांडार ताडून पाहा, आणि एकाच सोर्सपासून दोघांनी वेगवेगळं बांधलं तरी अक्षरशः तीच वस्तू निघते का ते पाहा. आपल्याकडे सर्ट-इननं २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी कशी ठेवावी याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, तीही याच वाटेवरची. कोणती लायब्ररी, कोणाची, कितवी आवृत्ती, हे लिहून ठेवा, म्हणजे उद्या दोष निघाला तर घरोघर शोधत फिरावं लागणार नाही.

जाता जाता एक गाऱ्हाणं मांडू, कारण इथे बसलेल्यांतले बरेच विद्यार्थी आहेत. 'किमान आवृत्ती' हा आकडा नुसता आकडा नसतो, ते एक दार असतं. पुष्कळदा प्रकल्प लिहिणारा आपल्या टेबलावरच्या यंत्रात जी आवृत्ती असेल तीच 'किमान' म्हणून टाकून मोकळा होतो. त्याच्या शहरात यंत्र नवं, जाळं वेगवान. पण धुळ्या-जळगावच्या एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाच-सहा वर्षांपूर्वी बसवलेली व्यवस्था असते, ती बदलायची परवानगी विद्यार्थ्याला नसते, आणि प्रोग्राम खरं तर त्या जुन्या लायब्ररीवरही चालला असता. दार उगाच बंद झालं. म्हणून तुम्ही कधी असा आकडा लिहाल, तेव्हा जुन्या आवृत्तीवर खरंच चालवून पाहा. खरोखर जिथे अडतं तोच आकडा घाला, आणि का अडतं ते शेजारी एका ओळीत लिहा. आकडा कारणासकट असला की पुढचा माणूस तो बदलायचा की नाही हे ठरवू शकतो. कारणाशिवायचा आकडा म्हणजे नुसती आडकाठी.

आणि समोरच्या पडद्यावर 'नो' येऊन बिल्ड थांबली, तर चिडून ती तपासणीची ओळ पुसू नका. कॉन्फिगर आपल्यामागे एक नोंदवही ठेवून जातं, 'कॉन्फिग डॉट लॉग' नावाची. कोणता प्रयोग केला, काय उत्तर आलं, सगळं तिच्यात असतं. ती उघडा आणि शेवटून वर वाचत या. लायब्ररी नाहीच, की आहे पण जुनी, की नवी आहे पण जुन्या जागीच शोधली जातेय, हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांचं औषध वेगळं आहे. नेमका कोणता, ते ती वही सांगते.

इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ या.